वाचकांचे प्रश्न : पहाटे सुरू न होणारी व्हॅन आणि हीटर प्लग

प्रश्न : ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माझा घरगुती भोजनाचा व्यवसाय आहे आणि त्यासाठी अकरा वर्षे जुनी, चार सिलिंडरची डिझेल व्हॅन वापरतो. व्यापार मेळा सुरू झाला की पहाटे साडेपाचला डबे आणि भांडी घेऊन मैदानावर पोहोचावे लागते. गेले तीन आठवडे पहाटे पाच-सहा वेळा सेल्फ मारावा लागतो. सेल्फ मारत असतानाच मागून पांढरा धूर येऊ लागतो, मग गाडी धडधडत सुरू होते, शेजारी खिडक्या लावून घेतात आणि अर्ध्या-पाऊण मिनिटाने सगळे सुरळीत होते. दुपारी मात्र चावी फिरवताच इंजिन सुरू होते. एका मिस्त्रींनी डिझेल पंप खोलावा लागेल असे सांगितले, तर दुसऱ्यांनी चारही हीटर प्लग बदला असे सांगितले. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा नेहमीसारखा लागतो आणि विझतो, त्यामुळे प्लग ठीक असावेत असे मला वाटते. चारांपैकी एक प्लग गेल्याच वर्षी बदलला होता. दोष नेमका कशात असावा आणि हे काम मला घरी करता येईल काय?
एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : त्या पिवळ्या दिव्यापासूनच सुरुवात करतो, कारण आपला तर्क तिथेच चुकला आहे. आपल्या व्हॅनच्या वयाच्या बहुतेक गाड्यांत हा दिवा हीटर प्लगची, म्हणजे थंड इंजिनात डिझेल पेटावे म्हणून विजेने तापणाऱ्या काडीची, प्रकृती सांगत नाही. इंजिनातल्या पाण्याचे तापमान पाहून जेवढा वेळ थांबायचे ठरलेले असते तेवढा वेळ संपला, इतकेच तो सांगतो. चारही प्लग जळालेले असले तरी तो तितक्याच इमानाने लागतो आणि विझतो. त्यामुळे दिव्याची साक्ष तूर्त बाजूला ठेवावी.

पंपाबद्दल बोलायचे तर, पंपाचा दोष दुपारी सुट्टीवर जात नाही. पंप झिजला असेल तर गाडी तापल्यावरही ओढ कमी जाणवते किंवा गरम इंजिन सुरू व्हायला वेळ लागतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या नळीत हवा शिरून डिझेल टाकीकडे परतले असेल तर पहाटे त्रास होतो हे खरे, परंतु तेव्हा सेल्फ मारताना धूर जवळजवळ येतच नाही, कारण जळायला किंवा न जळता बाहेर पडायला सिलिंडरमध्ये डिझेलच पोहोचलेले नसते. आपल्याकडे सेल्फ मारतानाच पांढरा धूर येतो, म्हणजे डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही. त्या धुराला कच्च्या डिझेलचा वास येत असेल आणि डोळे चुरचुरत असतील तर निदान जवळजवळ पक्के समजावे. (इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबला नाही आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत राहिले तर गोष्ट वेगळी, मग हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाच्या, गॅस्केटकडे पाहावे लागते.) दुसऱ्या मिस्त्रींचा अंदाज मला अधिक पटतो, मात्र ‘चारही बदला’ हा निष्कर्ष त्यांनी मोजमाप न करताच काढलेला दिसतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हे आपल्याला ठाऊक असेलच. हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल पेट घेते. जुन्या धाटणीच्या, दहनासाठी हेडमध्ये वेगळी लहान कोठडी असलेल्या इंजिनांत हवा वीस पटींहूनही अधिक दाबली जाते आणि कागदावरच्या हिशोबाने ती पाचशे अंशांच्या पुढे जायला हवी. परंतु ग्वाल्हेरात जानेवारीच्या कडाक्याच्या पहाटे पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, थंड लोखंड त्या हवेची उष्णता शोषून घेते, तेल घट्ट झाल्याने सेल्फ मंद फिरतो आणि मंद फिरणाऱ्या इंजिनात दाबलेली हवा पिस्टनवरच्या रिंगांच्या फटींतून निसटायलाही पुरेसा वेळ मिळतो. ही सगळी तूट हीटर प्लग भरून काढतो. त्याचे पेन्सिलीएवढे टोक काही सेकंदांत साधारण साडेआठशे ते हजार अंशांपर्यंत तापते आणि डिझेलचा फवारा त्याच्या आसपासच पहिल्यांदा पेटतो. चारांतला एक प्लग गेला तर गाडी तीन सिलिंडरांवर सुरू होते आणि चौथे तापेपर्यंत हादरत राहते. दोन किंवा अधिक गेले की आपल्यासारखी अवस्था होते. माझ्या अंदाजाने आपले किमान दोन प्लग गेले आहेत.

जर्मनीत जुन्या डिझेल मोटारींचे प्लग तापेपर्यंत जी वाट पाहावी लागे, तिला लोक थट्टेने ‘रुडॉल्फ डिझेल स्मृतिमिनिट’ म्हणत. आजचे प्लग एवढा वेळ घेत नाहीत, पण जळालेल्या प्लगसमोर कितीही मिनिटे मौन पाळले तरी उपयोग नसतो.

आता तपासणी. ही घरी निश्चित करता येईल आणि माझा आग्रह आहे की काहीही विकत घेण्यापूर्वी ती करावीच. प्रथम बॅटरी पाहावी, कारण अशक्त बॅटरी आणि मेलेला प्लग यांची लक्षणे पहाटेच्या अंधारात सारखीच दिसतात. सेल्फ फिरत असताना बॅटरीचा व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर आधी तिची सोय करावी. त्यानंतर प्लगच्या डोक्यांना जोडणारी धातूची पट्टी शोधावी. एका सहकाऱ्याला चावी हीटरच्या खुणेपर्यंत फिरवायला सांगून मल्टिमीटरची (व्होल्टेज आणि रोध मोजणाऱ्या उपकरणाची) काळी तार इंजिनच्या स्वच्छ धातूला आणि लाल तार पट्टीला लावावी. तिथे अकरा-बारा व्होल्ट आले तर रिले (प्लगना वीज जोडणारा-तोडणारा स्विच) आणि फ्यूज शाबूत आहेत. काहीच आले नाही तर प्लग निर्दोष असू शकतात; चारही प्लग एकाच रात्री मरत नाहीत, तेव्हा आधी जाड फ्यूज आणि रिले तपासावा.

पट्टीपर्यंत वीज येत असेल तर चावी काढावी, बॅटरीची ऋण तार सोडवावी, पट्टीचे चारही नट काढून ती बाजूला करावी आणि प्रत्येक प्लग स्वतंत्र मोजावा. मल्टिमीटर २०० ओहमच्या खुणेवर ठेवून आधी त्याच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवाव्यात. जे ०.२ किंवा ०.३ दिसेल तो तारांचा स्वतःचा रोध असतो आणि तो नंतर वजा करायचा असतो. मग एक तार प्लगच्या टोकावर आणि दुसरी इंजिनच्या धातूवर टेकवावी. थंड, चांगल्या प्लगचा रोध साधारण अर्धा ते दीड ओहम भरतो. आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट : बाजारातल्या स्वस्त मल्टिमीटरवर तार तुटलेली असेल तर पडद्याच्या अगदी डाव्या कडेला नुसता १ उभा राहतो, त्यात दशांशचिन्ह नसते. तो एक ओहम नव्हे. वाहिनी तुटली आहे, असा त्याचा अर्थ आहे. या एका आकड्यामुळे मेलेले प्लग चांगले ठरवून लोक पंप खोलायला गेलेले मी पाहिले आहेत. चांगला प्लग ०.९ किंवा १.१ असे दशांशासह दाखवतो.

मल्टिमीटर नसेल तर टेस्ट लॅम्पही चालेल, मात्र त्यासाठी पट्टी बाजूलाच ठेवून बॅटरीची ऋण तार पुन्हा जोडावी, नाहीतर लॅम्प कधीच लागणार नाही. बॅटरीच्या धन टोकाला चिमटा लावून लॅम्पची सुई प्लगच्या डोक्यावर टेकवावी. लागला तर कॉइल, म्हणजे प्लगमधली तापणारी तार, जोडलेली आहे, नाही लागला तर तुटलेली. अर्थात कॉइल जोडलेली आहे म्हणजे प्लग चांगला तापतो असे नाही. काही प्लग वीज घेतात पण टोकाऐवजी मध्येच तापतात. त्यासाठी एकदिश प्रवाह (डीसी) मोजणारा, तारेभोवती चिमट्यासारखा लावायचा क्लॅम्प मीटर लागतो, आणि घरगुती वायरिंगवाल्यांकडे असतो तो बहुधा फक्त प्रत्यावर्ती प्रवाह (एसी) मोजतो, म्हणून तो इथे निरुपयोगी ठरतो. योग्य मीटर मिळाला तर आपल्या प्रकारच्या बारा व्होल्टच्या प्लगचा प्रवाह सुरुवातीला पंधरा-वीस अँपिअर दिसून काही सेकंदांत दहाच्या आसपास उतरायला हवा.

समजा दोन प्लग मेलेले निघाले. नवा प्लग बसवणे हे दहा मिनिटांचे काम आहे. सगळी जोखीम जुना काढण्यात आहे. हे मी माझ्या पदराला खार लावून शिकलो आहे. तरुणपणी एका जानेवारीच्या सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, हलत नसलेल्या प्लगवर पाना चढवून त्याच्या दांड्यात लोखंडी नळी घातली आणि जोर केला. ‘कट्’ असा बारीक आवाज झाला, दांडा अचानक हलका झाला आणि क्षणभर प्लग सुटला म्हणून मला आनंदही झाला. हातात आला तो फक्त षट्कोनी डोक्याचा तुकडा. उरलेला अर्धा हेडमध्ये तसाच होता. तो काढण्यासाठी अखेर हेड उतरवावे लागले, नवे गॅस्केट आले आणि एका प्लगच्या कामात आठवडा गेला.

त्याचे कारण साधे आहे. प्लगच्या आतून विजेची वाहिनी जाते म्हणून त्याचे शरीर पोकळ, पातळ भिंतीचे असते. साध्या बोल्टइतका पीळ त्याला सोसत नाही. १० मिलिमीटर आट्यांचा प्लग काढताना ३५ न्यूटन-मीटर ही मर्यादा समजावी. ८ मिलिमीटरच्या प्लगसाठी ती २०, तर १२ मिलिमीटरच्या प्लगसाठी ४५ आहे. आकडा हाताला समजावा म्हणून सांगतो : २० सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकावर सुमारे १८ किलोचा भार म्हणजे ३५ न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच, म्हणजे पिळाचा जोर मोजणारा पाना, कुणाकडून तरी उसना आणावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

म्हणून घाई न करता तीन-चार दिवस आधीपासून रोज संध्याकाळी प्लगच्या मुळाशी गंज सोडवणाऱ्या तेलाचे काही थेंब सोडावेत. त्याआधी ब्रशने आणि सायकलच्या पंपाच्या हवेने भोवतालची माती उडवावी, नाहीतर प्लग निघताच तीच माती सिलिंडरमध्ये उतरेल. कामाच्या दिवशी गाडी चालवून इंजिन पूर्ण तापवावे, बंद करावे, बॅटरीची ऋण तार सोडवावी, हातमोजे घालावेत आणि लोखंड गरम असतानाच खोल गोटीपाना सरळ बसवावा. तिरका बसलेला पाना प्लग वाकवतो. हळूहळू सोडवण्याच्या दिशेने जोर वाढवत न्यावा. मर्यादा गाठूनही हलला नाही तर थांबावे, पुन्हा तेल सोडावे, पुन्हा इंजिन तापवावे. किंचित हलला की लगेच सगळा सोडवू नये. पाव फेरा मागे, जरासा पुढे, पुन्हा मागे, असे करत आट्यांतला कार्बन मोकळा होऊ द्यावा. एवढे करूनही जो प्लग जागचा हलत नाही त्याला आपण हात लावू नये. ते काम प्लग काढण्याची खास हत्यारे असलेल्या मिस्त्रींचे आहे, आणि ती हत्यारे आहेत काय हे गाडी सोपवण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

कधी कधी आटे पूर्ण सुटतात, प्लग बोटांनी गरगर फिरतो, पण बाहेर येत नाही. अशा वेळी त्याचे टोक फुगलेले असते किंवा कार्बनमध्ये रुतलेले असते. पकडीने हिसका मारला तर टोक तुटून सिलिंडरमध्ये पडेल. पुन्हा आट्यांवर घेऊन तेल सोडावे आणि फिरवत फिरवत धीराने वर ओढावे.

निघालेला प्लग फेकण्यापूर्वी उजेडात नीट पाहावा, कारण तो का मेला हे बहुधा त्याच्या टोकावरच लिहिलेले असते. कोरडी, पातळ काजळी असेल तर वयाने गेला असे समजावे. लाखभर किलोमीटर चाललेल्या प्लगबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. टोक फुगले किंवा चिरले असेल तर तो गरजेपेक्षा अधिक तापला आहे : रिले चिकटून राहतो काय, की चुकीच्या व्होल्टेजचा प्लग बसवला गेला, हे पाहावे. टोक वितळले किंवा खाल्ल्यासारखे झाले असेल तर त्या सिलिंडरचे डिझेल फवारणारे नोझल फवारण्याऐवजी थेंब गाळते आहे किंवा डिझेल वेळेआधी सुटते आहे. अशा वेळी नोझल न तपासता नवा प्लग घालणे म्हणजे त्यालाही त्याच वाटेने पाठवणे. गेल्या वर्षी बदललेला प्लग यंदा पुन्हा मेलेला निघाला तर ही शंका सर्वांत आधी घ्यावी. आणि टोकाचा तुकडाच गायब असेल तर इंजिन सुरू करू नये. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून आणि प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घालून तो तुकडा आत नाही याची खात्री करून घ्यावी.

किती बदलावेत? सर्व प्लग एकाच वयाचे असते तर मी चारही बदलायला सांगितले असते, कारण दोन गेले की उरलेले फार मागे राहत नाहीत. आपला एक प्लग वर्षभराचाच आहे. तो मोजमापात चांगला निघाला आणि बाकीचे त्याच प्रकारचे मिळाले तर उरलेले तीन बदलावेत. त्यांतला एखादा मोजमापात चांगला आहे पण घट्ट बसला आहे, अशी स्थिती असेल तर निव्वळ संच पूर्ण करण्याच्या हौसेने त्याला छेडू नये. नवे प्लग घेताना अंगावर कोरलेला व्होल्टेज जुन्याशी ताडून पाहावा. नव्या गाड्यांचे काही प्लग साडेचार, पाच किंवा सात व्होल्टचे असतात आणि गाडीचा नियंत्रक त्यांना मोजून वीज देतो. असा प्लग बारा व्होल्टच्या गाडीत, किंवा ‘तपासण्यासाठी’ म्हणून थेट बॅटरीवर लावला तर क्षणात जळतो.

बसवताना प्रथम भोकातला कार्बन साफ करावा. त्यासाठी प्लगच्या मापाचा रीमर, म्हणजे भोक खरवडणारे खाचांचे हत्यार, मिळतो. त्याच्या खाचांत ग्रीस भरून तो हातानेच फिरवावा, म्हणजे कार्बन ग्रीसला चिकटून बाहेर येतो. आट्यांवर उष्णता सोसणारी पेस्ट अगदी पुसट लावावी. टोकाला काहीही लावू नये. पहिले काही फेरे बोटांनीच फिरायला हवेत, पाना लागला तर आटे चुकले आहेत असे समजून पुन्हा सुरुवात करावी. शेवटचा ताण १० मिलिमीटरच्या प्लगला १५ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे, ८ ला १०, १२ ला २२. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा. वरचा लहान नट त्याहूनही नाजूक असतो, त्याला २ न्यूटन-मीटर, म्हणजे दोन बोटांत धरलेल्या छोट्या पान्याचा जोर पुरतो. पट्टीच्या छिद्रांभोवतीचा काळेपणा बारीक काचपेपरने घासून मगच ती बसवावी. काम जमले की नाही याचा निकाल त्याच दुपारी मागू नये. गाडी रात्रभर उभी ठेवून पहाटे चावी फिरवावी, दिवा विझल्यावर आणखी दोन सेकंद थांबावे आणि मग सेल्फ मारावा.

प्लग येईपर्यंत हवेच्या नळीत ‘स्टार्ट स्प्रे’ मारण्याचा सल्ला आपल्याला कुणीतरी देईलच. त्यात ईथर असतो आणि एखादा जिवंत प्लग लालबुंद असताना तो आत गेला तर वेळेआधीच भडका उडून पिस्टन आणि रिंगांना इजा होऊ शकते. मेळ्याला उशीर झाला तरी चालेल, पण हे टाळावे.

प्रश्न : आमच्या वडोदऱ्यात ग्वाल्हेरसारखी थंडी पडत नाही. मेलेले हीटर प्लग काढून तिथे साधे बोल्ट लावले तर चालेल काय?
एक वाचक, वडोदरा

उत्तर : चालणार नाही. प्लगच्या अंगावरचा निमुळता भाग हेडमधल्या तशाच उतरत्या बैठकीवर टेकून दाब अडवतो; साध्या बोल्टला ती बैठक नसते, त्यामुळे तिथून दाब निसटतो. नवा मिळेपर्यंत मेलेला प्लग जागेवर राहू देणे त्यापेक्षा बरे. शिवाय वेगळी कोठडी असलेल्या इंजिनाला बारा-तेरा अंशांतही प्लगची गरज भासते. तो नसेल तर न जळालेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते आणि सेल्फ व बॅटरी दोन्ही झिजतात. डिझेल थेट पिस्टनवर फवारणाऱ्या नव्या इंजिनांना सुरू होण्यासाठी आपल्या हवामानात प्लग क्वचितच लागतो. परंतु त्यांत इंजिन सुरू झाल्यावरही काही वेळ प्लग तापत ठेवून धूर आणि खडखडाट कमी केला जातो, त्यामुळे तिथेही ते काढून टाकू नयेत.

प्रश्न : थंडीत आमचे चालक सेल्फ मारण्याआधी दोनदा हीटर घेतात. त्याने प्लग लवकर जळतात काय?
एक वाचक, मुरार, ग्वाल्हेर

उत्तर : लगेच जळत नाहीत. आतली नियंत्रक कॉइल तापेल तसा रोध वाढवून प्रवाह आवरते. परंतु चार प्लग मिळून सुरुवातीला साठ ते ऐंशी अँपिअर खेचतात आणि बॅटरी जुनी असेल तर सेल्फसाठी ठेवायची ताकद त्यातच खर्च होते. दोनदा हीटर घेतल्यावरच गाडी सुरू होत असेल तर बहुधा एक-दोन प्लग गेलेले असतात आणि उरलेले त्यांचे काम ओढत असतात. तेव्हा चालकाला दुसऱ्यांदा हीटर घ्यावा लागू लागला की त्याच आठवड्यात पट्टी सोडवून चारही प्लग वर सांगितल्याप्रमाणे मोजून घ्यावेत.